समाधीतल्या पुस्तकाबाबत

लिहून ठेवणार : श्रीमती रत्नम्मा सिद्रामप्पा हुडगे, वय एकोणसत्तर, धंदा पूर्वी भांड्यांचं दुकान व आता वाचन, माहेर उमरी, जिल्हा नांदेड, राहणार उदगीर, जिल्हा लातूर.

माझं डोकं ठिकाणावर आहे. हे मी एकटी म्हणत नाही, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार, महिना आणि देशाचा कारभार कोण बघतं ते विचारलं. ते मी सांगितलं, आणि न विचारता सध्या वाचत असलेल्या कादंबरीचं कथानकही सांगायला घेतलं. बाहेर पेशंटची रांग होती, म्हणून त्यांनी घाईनं सही केली. मला कुणी धाक घातलेला नाही, नशापाणी दिलेलं नाही, फूस लावलेली नाही. फूस लावायला माणसाला घरी यावं लागतं, आणि माझ्या घरी सध्या कुणी येत नाही.

वकील उज्वलाबाईंनी मला दीड पानाचा मसुदा करून दिला होता. चांगला होता, पण तो वाचून मी कोण होते ते कुणाला कळलं नसतं. म्हणून हे सगळं माझ्या हातानं लिहीत आहे. माझा कच्चा कागद वाचून बाईंनी काही ठिकाणी 'गाळा' अशी पेन्सिलीनं खूण केली आहे. ती ठिकाणं मी ठेवली आहेत.

कलम पहिले : मिळकत.

उदगिरात चौबाऱ्याच्या मागच्या गल्लीतलं राहतं घर, मधल्या भिंतीच्या अलीकडचा भाग, माझ्या नावे आहे. भिंतीपलीकडे माझी धाकटी जाऊ नागुबाई व तिचा मुलगा रुद्रेश राहतात. भांड्यांचं दुकानही माझ्याच नावे आहे, ते रुद्रेश चालवतो. तिसरी मिळकत म्हणजे नळेगाव रस्त्याला असलेला जमिनीचा तुकडा. त्यात माझ्या यजमानांची समाधी आहे. आम्हांला मूलबाळ नाही.

घर आणि दुकान मी रुद्रेशला देते. तो कष्टाळू आहे, गिऱ्हाईकाशी गोड बोलतो. माझ्याशीही बोलायचा. आता बोलत नाही, त्याचं कारण कलम दोनमध्ये आहे, आणि हे मृत्युपत्र लिहायचं कारणही तेच आहे. जमिनीचा तुकडा मी कुणालाही देत नाही. तो आमचा दोघांचा आहे.

कलम दुसरे : समाधी उघडू नये.

हे कलम सगळ्यांत महत्त्वाचं आहे, म्हणून जे घडलं ते सविस्तर लिहिते.

आम्हां लिंगायतांत माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. विभूती लावून, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून, मांडी घातलेल्या अवस्थेत बसवून पुरतात. हुडग्यांच्या घरात त्यावर आणखी एक रीत आहे. कर्ता पुरुष लिंगैक्य झाला, म्हणजे गेला, की तो रोज वाचायचा किंवा ऐकायचा ती पोथी त्याच्या मांडीवर ठेवतात. माझ्या सासऱ्यांसोबत त्यांची पोथी गेली. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात माझे यजमान गेले, तेव्हा नागुबाईनं घाईघाईनं देवळीतला लाल रुमालात बांधलेला गठ्ठा काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मी तेव्हा शुद्धीवर असल्यासारखी दिसत होते, पण नव्हते. तिसऱ्या दिवशी मन लागेना म्हणून उशाकडचा दुसरा लाल रुमाल सोडला, तर आतून पोथी निघाली.

म्हणजे मांडीवर गेली ती कादंबरी. नाव 'कोरड्या समुद्राची नावाडीण'. जाड बांधणीची, अद्भुत प्रकारातली, आणि तीही आमच्या पेठेतल्या वाचनालयाची.

आता कुणी विचारेल की कादंबरीला पोथीचा रुमाल कशाला. सांगते. यजमानांची नजर साखरेनं गेली. नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आमच्या खेपा व्हायच्या. तिथल्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना मी पहिली अंतराळातली कादंबरी घेतली, वेळ जावा म्हणून. दोन पानं मोठ्यानं वाचली तर हे म्हणाले, "थांबू नगंस, म्होरं काय झालं?" भांड्यांच्या दुकानात जन्म घालवलेला माणूस, हिशेबापलीकडे कधी काही वाचलेलं नाही, आणि गाडी आली तरी उठेना. तेव्हापासून रोज संध्याकाळी लिंगपूजा झाली की सोप्यात बसून मी वाचायची आणि ते ऐकायचे. पण गल्लीत हुडग्यांच्या घरातून त्या वेळी पोथी ऐकू यायची सवय होती. लोक दारावरून जाताना चप्पल काढायचे. त्यांना काय सांगणार, की आज शनीच्या कड्यांवर मारामारी चालली आहे? म्हणून पुस्तक लाल रुमालात ठेवायचं आणि वाचताना पोथीची चाल लावायची. ओव्या नसल्या तरी चाल लागते, मी लावली आहे. हे संध्याकाळ झाली की हाक मारायचे, "लाव गं पोथी," आणि मिशीत हसायचे.

दोन वर्षं मी ही अदलाबदल कुणाला सांगितली नाही. सांगून काय होणार ते मला ठाऊक होतं, आणि तसंच झालं. यंदा श्रावणात नागुबाईनं पारायणाला पोथी मागितली. मीही कशी, देऊन बसले. ती पोथी ओळखणारच. सासरे गेल्यावर यजमानांनी दुसरी आणली तेव्हा तिच्यावर पहिली हळद नागुबाईनंच लावली होती, तो डाग अजून आहे. डाग बघून ती दारात आली.

"ही तर भाऊजींसंगं गेली हुती. मंग संगं गेलं काय?"

मी खरं ते सांगितलं. तेव्हापासून दोघंही माझ्याशी बोलत नाहीत. रुद्रेशनं सीमेपलीकडच्या भालकीहून एक अय्या, म्हणजे आमच्यातले जंगम गुरू, आणले. ते म्हणाले की, पोथीऐवजी भलतं पुस्तक दिल्यानं घराला दोष लागला आहे, समाधी उघडून ते काढावं आणि पोथी ठेवावी. रुद्रेशला दुकानात नुकसान आलं होतं, त्याला कारण हवंच होतं.

तरी माझी आज्ञा अशी की, माझ्या हयातीत अथवा पश्चात, कोणत्याही कारणानं ही समाधी उघडू नये. तशी उघडल्यास कलम एकमधलं घर व दुकान रुद्रेशला मिळणार नाही, ते गावातल्या मठाला जाईल. यजमानांच्या मांडीवर जे पुस्तक आहे ते त्यांच्या आवडीचं आहे. ते ऐकताना ते सुखात होते. ते कुणी काढून घ्यावं हे मला सहन होणार नाही.

कलम तिसरे : वाचनालय.

वाचनालयाचे चिटणीस साहेबराव यांनी माझं सभासदत्व रद्द केलं आहे. पुस्तक कुठे आहे हे मी सांगत नव्हते, आणि सांगितलं असतं तरी त्यांना ते आणता आलं नसतं. इथवर त्यांचं बरोबर आहे. पण त्यांनी माझं नाव फळ्यावर लिहिलं, तो फळा दरवाजातच आहे, आणि उदगिरात त्या दरवाजावरून कोण जात नाही?

त्याआधीचाही एक हिशेब आहे. वाचनालयात महिन्यातून एकदा वाचकांची बैठक भरायची. तिथे मी एकदाच बोलले. ताऱ्यांमधल्या एका गावाबद्दलची कादंबरी मला का आवडली ते सांगत होते. साहेबराव मध्येच म्हणाले, "आज्जी, या वयात पऱ्यांच्या गोष्टी? नातवंडांसाठी नेताय का?" सगळे हसले. मला नातवंडं नाहीत हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. मी पुन्हा बैठकीला गेले नाही. पुस्तकावर बोलायला दुसरी जागा गावात नव्हती. घरी होती, तीही गेली.

त्या कादंबरीची नवी प्रत उज्वलाबाईंनी पुण्याहून मागवून दिली आहे. ती वाचनालयाला द्यावी, आणि माझं नाव फळ्यावरून पुसल्याची खात्री उज्वलाबाईंनी स्वतः जाऊन करावी. ओल्या फडक्यानं पुसावं. नुसत्या हातानं पुसलं की अक्षर दिसत राहतं.

साहेबरावांना व्यक्तिशः मी 'महायंत्राचा शाप' ही कादंबरी देते. वाचलेल्यांत इतकी वाईट दुसरी नाही. एक यंत्र सगळ्या माणसांवर राज्य करतं. चारशे पानं माणसं पळतात, लपतात, मरतात, आणि शेवटच्या पानावर नायक जागा होतो, कारण ते स्वप्न होतं. हे ऐकून यजमान इतके चिडले की रात्रीचं जेवले नाहीत. म्हणाले, "गिऱ्हाइकाला तांब्या दावून हातात खोका दिल्यावानी झालं की." लेखकाचं नाव इथे लिहीत नाही. मृत्युपत्रात कुणाची बदनामी करू नये असं उज्वलाबाईंचं म्हणणं आहे. साहेबरावांना ते मुखपृष्ठावर दिसेलच.

कलम चौथे : इतर पुस्तकं.

पुस्तकं माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहेत. ती रद्दीत घालू नयेत, आणि एकगठ्ठा कुणालाही देऊ नयेत. एकगठ्ठा दिलेली पुस्तकं कुणी वाचत नाही. ज्याला जे शोभेल ते असं :

'तांबड्या मातीचे लोक' : मंगळावर वस्ती करणाऱ्यांची कादंबरी. पाण्याच्या पाळीवरून त्यांची जी भांडणं आहेत ती अगदी आपल्यासारखी आहेत. तुझा व्हॉल्व्ह आधी का, माझा आधी का. लेखकानं लातूरला पाणी रेल्वेनं आलं ते दिवस पाहिले असावेत. पण यजमानांनी त्यात एक खोट काढली आणि ती खरी आहे. इतक्या मोठ्या पुस्तकात कुणी जेवत नाही. गोळ्या खातात. हे म्हणाले, "चुलीबिगर गाव बसत नसतंय." तरी मला आवडली. ही रुद्रेशच्या बायकोला, स्वप्नालीला द्यावी. नळाला पाणी आलं की मोटर कुणी आधी लावायची यावर तिचं आणि माझं बरंच झालेलं आहे.

'भूगर्भाचा कोप' : ही आवडली नाही, आणि कारण गंभीर आहे. पुढच्या शतकातल्या मोठ्या भूकंपाची गोष्ट आहे. जमीन हलते आणि पानंच्या पानं लोक किंकाळ्या फोडतात. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा इथे उदगिरातही भांडी फळ्यांवरून पडली होती. उजाडल्यावर यजमान जीपमध्ये दुकानातली पातेली, तांबे, ताटं भरून तिकडे गेले. घर नाही त्याला निदान पाणी प्यायला भांडं असावं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. परत आले ते रिकामी जीप घेऊन. पुष्कळ दिवसांनी म्हणाले की तिथे कुणी ओरडत नव्हतं. ही कादंबरी मी त्यांना अर्ध्याहून जास्त वाचून दाखवली नाही, त्यांनीच हात वर केला. ती कुणालाही देऊ नये. तिची पानं दुकानात काचेची भांडी गुंडाळायला घ्यावीत.

'सहस्रपंखी' : उडणारा सर्प, नेमलेला राजपुत्र, भविष्यवाणी, सगळं आहे. बायका मात्र फक्त खिडकीत उभ्या राहतात. एकीलाही काम नाही. मी वाचता वाचता मध्ये आपल्या पदरचं घालायची. एका राणीला मी घोड्यावर बसवलं, एकीला सर्पाशी बोलायला लावलं. यजमानांना कळायचं. म्हणायचे, "ही राणी उमरीची दिसतीया." हिचे पुढचे भाग निघत आहेत, कुणी विकत घेऊ नयेत. हा भाग उज्वलाबाईंना, कोर्टात तारखेची वाट बघताना वाचायला. बायकांचं मधे मधे त्यांनी आपल्या मनाचं घालावं.

'लोखंडी सून' : शास्त्रीय प्रकारातली. एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायला सरकार यंत्रमाणूस देतं. ते भाकरी करतं, औषध देतं, आणि दर दुपारी विचारतं, "जेवलात का?" कादंबरी तशी साधी आहे, भाषाही कुठे कुठे ओबडधोबड. ही मी यजमान गेल्यानंतर, एकटीनं, मनातल्या मनात वाचली. त्या वाक्यापाशी आले की मला रडू येतं. मला कुणी तसं विचारून दोन वर्षं झाली. हे लिहायला लाज वाटत नाही. कच्च्या कागदावर हिच्यापुढे उज्वलाबाईंची पेन्सिलीची खूण आहे. नाही गाळणार.

'उद्याचा काल' : हीसुद्धा एकटीनं वाचायला घेतली. एका बाईला काळात मागे जाता येतं. नवऱ्याचा अपघात टळावा म्हणून ती पुन्हा पुन्हा मागे जाते आणि दर खेपेला काहीतरी नवं बिघडतं. हुशार पुस्तक आहे, गाठी छान मारल्या आहेत. पण मी ते मध्येच ठेवलं. मला मागे जाऊन काही बदलायचं नाही. त्यांचं जायचं वय झालं होतं, त्रास न होता गेले. मला फक्त एक संध्याकाळ हवी आहे, सोप्यातली, त्यांनी "म्होरं?" म्हणावं एवढीच. त्यासाठी इतकं मोठं यंत्र लागत नसावं. ही ज्याला हवी त्याला द्यावी.

खरं सांगायचं तर मोठ्यानं वाचायची सवय लागली की मनातल्या मनात वाचणं अळणी लागतं. आवडलं तर कुणाला सांगायचं, नाही आवडलं तर कुणाशी भांडायचं? हल्ली मी पुस्तक उघडते, चार पानं वाचते, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मिटवते. कपाटातली निम्मी पुस्तकं तशीच अर्धवट आहेत. खुणेच्या चिठ्ठ्या काढू नयेत.

कलम पाचवे : किरकोळ.

पितळी घंगाळ व माझ्या दोन इरकली साड्या जाऊबाई नागुबाई हिला. ती बोलत नसली तरी.

यजमानांची खुर्ची कुणी वापरू नये असं मी म्हणत नाही. वापरावी.

कलम सहावे : आज घडलेल्या प्रकाराबाबत.

वरची कलमं काल लिहून झाली होती. आज शुक्रवारी दुपारी उज्वलाबाई ती पक्की प्रत तपासायला आल्या असताना नागुबाई दारात आली. हातात नव्या रुमालात बांधलेली पोथी होती. उंबऱ्याच्या आत न येताच म्हणाली, "अक्का, अय्यांनी सोमवार धरलाय. रुद्रेशनं गवंडी सांगितलाय. तू यायचं तर ये, न्हाईतर आमी करून घेतो."

मी कलम दोन तिला वाचून दाखवलं. मठाचं नाव ऐकून ती घाबरेल असं मला वाटलं होतं. उज्वलाबाईंनाही वाटलं होतं. ती घाबरली नाही. म्हणाली, "घर दुकान मठाला दे न्हाईतर पाण्यात टाक. आमच्या घरच्या कर्त्या माणसाच्या मांडीवर भुताखेताचं पुस्तक हाय, मला झोप न्हाई. माझ्याच हातनं ठेवलं गेलं ते."

म्हणजे इतके दिवस तिला घर नको होतं, दुकान नको होतं. स्वतःच्या हातून झालं, याचीच टोचणी लागली होती तिला. मी तो विचारच केला नव्हता. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "नागू, भुताखेताचं न्हाई गं. एका नावाडणीचं हाय."

"कोणच्या नावाडणीचं?"

"समुद्र आटून गेलाय, आन् ती त्याला हुडकत..."

"नाव पाठीला बांधून?"

नागुबाई उंबऱ्याच्या आत आली.

"मिठाच्या माळावरनं चाललीया ती? संगं आंधळा बाप हाय? लोक हसतेत तिला, पाणी न्हाई तितं नाव कशाला म्हून?"

"तुला कसं ठाव?"

"भिंतीपलीकडं बसायची की मी रोज. तू पोथी लावलीस की हातातलं काम सोडून बसायची. मला वाटायचं, ती बया पोथीतली हाय. कुणी देवी असंल. मी तिला हात जोडायची, अक्का."

"पोथीत न्हाई ती."

"न्हाई?"

"न्हाई. आन् त्याच्या आधीचं ते ताऱ्यांवरचं गाव, राणी घोड्यावर बसली ते, कायबी पोथीत न्हाई."

तिनं पोथी मांडीवर घेतली आणि खाली बसली. मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर शिव्या देईल. पोथीचा रुमाल सारखा करत तिनं हळूच विचारलं, "मंग घावला का समिंदर तिला?"

"ठाव न्हाई मला. ती कड्यापाशी आली, पांढरी पाखरं दिसली, तितं आमी थांबलो. 'घावंल,' हे म्हणले. 'इतकं वडत आणलं, घावंल की.' मी म्हणलं, घावायचा न्हाई, तसली कादंबरी न्हाई ही. उद्या बघू म्हणले. सकाळी गेले."

"म्हंजी भाऊजींला शेवट ठावच न्हाई?"

"न्हाई."

"आन् तू दुसरं आणून वाचलं न्हाईस?"

नवी प्रत समोर देवळीत होती. ती का वाचली नाही ते मला तिला सांगता आलं नाही. इथे लिहिते. त्यांच्या आधी शेवट आपण एकटीनं जाणून घ्यायचा, हे मला जमेना.

नागुबाई उठली. पोथी तिनं माझ्या देवळीत ठेवली, नव्या पुस्तकाशेजारी. मग म्हणाली, "सोमवारचं मी रुद्रेशला सांगती. माणूस मधी थांबलाय, त्याच्या मांडीवरनं काढून घेतेत व्हय कुणी? अय्यांला काय ठाव, पाखरं दिसली हुती ते." आणि दारातून मागे वळून, "दोन वरसं झाली, तुझा आवाज न्हाई आला पलीकडं. मला वाटलं, देवावर रुसलीस. मीच कवाची इचारणार हुते, पर तू कुणाशी धड बोलतच नव्हतीस."

मी म्हटलं, "मी कुणासाठी वाचू, नागू?"

ती चिडली. "मी काय मेले हुते का पलीकडं?"

मी एकटी आहे असं मी दोन वर्षं मानत होते. भिंतीला कान लावून हीही तिकडे तशीच बसली होती. याचं मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

कलम सातवे : दुरुस्त्या.

एक. कलम दोनमधली अट कायम राहील. नागुबाईचा शब्द आहे, पण तीही सत्तरीला टेकली, आणि भालकीची बस रोज येते.

दोन. कलम तीनमधली नवी प्रत वाचनालयाला आमचं वाचून झाल्यावरच द्यावी. आज संध्याकाळी कड्यापासून पुढे सुरू करत आहोत. आता चाल लावणार नाही, लाल रुमालही नाही. नागुबाई भिंतीच्या अलीकडे बसेल. साहेबरावांना थांबवावं लागेल, कारण ती मध्ये फार प्रश्न विचारेल असं दिसतं.

तीन. नागुबाई साक्षीदार म्हणून सही करायला तयार झाली आहे. उज्वलाबाई म्हणाल्या, साक्षीदाराला काही लिहून दिलेलं असेल तर पुढे कुणी वांधा काढू शकतं. हे ऐकून नागुबाई म्हणाली, "मंग घंगाळ नगं मला." म्हणून कलम पाचमधलं घंगाळ व साड्या रद्द. साड्या मी आजच तिच्या अंगावर टाकल्या आहेत, आणि दुसऱ्या साक्षीदार उज्वलाबाई, म्हणून 'सहस्रपंखी' आजच त्यांच्या पिशवीत घातली आहे, त्याला मृत्युपत्र लागत नाही.

कलम आठवे : माझ्या देहाबाबत.

मला यजमानांच्या शेजारी, त्याच जमिनीत, रीतीप्रमाणे बसवावं. विभूती लावावी, तळहातावर माझं इष्टलिंग द्यावं. मांडीवर पोथी अथवा पुस्तक काहीही ठेवू नये.

अय्या म्हणतील, बायकोची जागा नवऱ्याच्या डावीकडे. लग्नात मी डावीकडेच बसले होते, तेव्हा कुणाशी वाद घातला नाही. पण इथे अय्यांचं ऐकू नये. मला त्यांच्या उजव्या बाजूला बसवावं, अगदी जवळ. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि मला त्यांना शेवट सांगायचा आहे.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, स्वतः मोठ्यानं वाचलं आणि मला मान्य आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

ठिकाण : उदगीर, जिल्हा लातूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, कार्तिक वद्य, शुक्रवार

सही : रत्नम्मा सिद्रामप्पा हुडगे

आमच्यासमोर लिहून देणार यांनी सही केली, म्हणून आम्ही साक्ष घातली :

१. नागुबाई हुडगे, नात्यानं धाकटी जाऊ, राहणार मधल्या भिंतीपलीकडे. (डाव्या हाताचा अंगठा)

२. ॲड. उज्वला, वकील, उदगीर. (सही)